अनंतापर्यंत न पोचणारी लेन्स आणि देवळावरचा झेंडा



आजचा लेख कॅमेऱ्याच्या एका जुन्या लेन्सबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, शैक्षणिक ब्लॉगवर हे काय मध्येच? पण शेवटपर्यंत वाचा. ही लेन्स दुरुस्त करताना माझ्या वर्गातली एक मोठी चूक माझ्या लक्षात आली, आणि ती चूक लेन्सची नव्हती, माझी होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवतो. फोटोग्राफीचा नाद डी.एड. करत असल्यापासूनचा. तेव्हा कॅमेरा घेणं परवडत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एक वापरलेला सोनी ए६००० घेतला. हा मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला. सहल, क्षेत्रभेट, बालआनंद मेळावा, सगळे फोटो त्याच्यावरच काढतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथल्या काकांनी कपाटातून एक लेन्स काढून हातात दिली. म्हणाले, "गुरुजी, ही घेऊन जा. माझ्या झेनिट कॅमेऱ्याची आहे. कॅमेरा गेला, ही राहिली." सातशे रुपयांना दिली. लेन्स होती हेलिओस ४४-२, नाभीय अंतर ५८ मिमी, छिद्र एफ/२. सोव्हिएत काळात बनलेली, जर्मनीच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली. पूर्ण धातूची आणि हाताला जड. मागे ४२ मिमी व्यासाचे आटे, म्हणजे बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. या आट्यांना एम४२ म्हणतात.

ती माझ्या कॅमेऱ्यावर बसवायला एक अ‍ॅडॉप्टर लागतं. ते मागवलं. मेनूमध्ये जाऊन "रिलीज विदाऊट लेन्स" हा पर्याय चालू केला, कारण अशा लेन्सशी कॅमेऱ्याचं काही बोलणं होत नाही, त्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. फोकस अर्थातच हाताने करायचा.

पहिल्या दिवशी मुलांचे चेहरे टिपले. काय सुंदर आले! डोळे अगदी स्वच्छ, मागचं सगळं विरघळलेलं. दुसऱ्या दिवशी पटांगणात उभा राहून समोरच्या टेकडीवरच्या देवळाचा फोटो घेतला. देऊळ शाळेपासून किलोमीटरभर असेल. फोकसची रिंग पार शेवटपर्यंत, आडव्या आठच्या खुणेपर्यंत फिरवली. ही खूण अनंताची, म्हणजे "यापुढचं कितीही लांबचं" याची. तरी देऊळ पुसटच. रिंग आणखी पुढे जाईना.

कुंपणाजवळची चिंच मात्र स्पष्ट येत होती. पावलांनी अंतर मोजलं, चोवीस-पंचवीस मीटर. म्हणजे माझ्या लेन्सचं जग चिंचेपाशी संपत होतं.

असं का होतं?

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण आपल्या सातवी-आठवीच्या मुलांनाही समजेल असा.

खूप लांबच्या वस्तूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. बहिर्गोल भिंग ते आपल्या नाभीपाशी गोळा करतं. वस्तू जवळ आली की प्रतिमा थोडी मागे सरकते, म्हणून जवळचा फोकस करताना आपण लेन्स पुढे सरकवतो. अनंतावर फोकस करायचा तर लेन्स सगळ्यात आत, सेन्सरच्या जवळ हवी. ती तेवढी आत गेली नाही, तर लांबची प्रतिमा सेन्सरच्या अलीकडेच तयार होते आणि सेन्सरवर तिचा नुसता डाग पडतो.

एम४२ लेन्सची मागची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमी अंतरावर असावी, असं ठरलेलं आहे. जुन्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा असायचा, त्याच्यासाठी ही जागा लागायची. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून तिथे हे अंतर फक्त १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी अ‍ॅडॉप्टरने भरून काढायचे. म्हणूनच मिररलेस कॅमेऱ्यावर जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स बसवता येते. आरशाच्या निकॉन कॅमेऱ्यात हे अंतर मुळातच ४६.५ मिमी असतं. तिथे एम४२ लेन्स साध्या अ‍ॅडॉप्टरवर अनंतापर्यंत पोचूच शकत नाही, कारण अ‍ॅडॉप्टरला जागाच उरत नाही.

माझं अ‍ॅडॉप्टर किती जाड होतं? गावातल्या लेथ मशीनवाल्याकडून व्हर्नियर कॅलिपर आणला. चार ठिकाणी मोजलं. २७.६० मिमी. म्हणजे ०.१४ मिमी जास्त.

हे ०.१४ म्हणजे किती? आपल्या शाळेत झेरॉक्सचा ५०० कागदांचा गठ्ठा येतो. त्याची जाडी साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे एका कागदाची ०.१ मिमी. माझं अ‍ॅडॉप्टर जेमतेम दीड कागदाने जाड होतं!

आता सूत्र बघा. नाभीय अंतराचा वर्ग भागिले जादा जाडी, म्हणजे साधारण जिथपर्यंत लेन्स स्पष्ट बघू शकते ते अंतर. ५८ चा वर्ग ३३६४. त्याला ०.१४ ने भागलं की २४,०२८ मिमी, म्हणजे २४ मीटर. चिंचेचं झाड! पावलांनी मोजलेलं अंतर आणि कागदावरचं उत्तर जुळलं तेव्हा मी एकटाच ऑफिसात हसलो. दीड कागदाच्या जाडीमुळे टेकडी, देऊळ, चंद्र, चांदण्या, सगळं गेलं होतं.

लपलेली चूक

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं काम आहे. दुरुस्तीच्या आधी मी एक पळवाट काढली होती. लेन्सचं छिद्र एफ/२ वरून एफ/८ वर आणलं, म्हणजे अगदी बारीक केलं. देऊळ बऱ्यापैकी स्पष्ट आलं. छिद्र बारीक झालं की प्रत्येक बिंदूतून येणारा किरणांचा झोत बारीक होतो, त्यामुळे फोकस चुकला तरी सेन्सरवरचा डाग छोटा पडतो. चूक तशीच राहते, फक्त झाकली जाते. पण प्रकाश सोळापट कमी होतो. संध्याकाळी हा उपाय चालत नाही.

दुरुस्ती कशी केली?

कुणाकडे अशी लेन्स असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

१. आधी दोष कुणाचा ते ठरवा. दुसरं अ‍ॅडॉप्टर किंवा दुसरी लेन्स उसनी मिळाली तर बदलून बघा. मी मोजमापावरून ठरवलं.

२. अ‍ॅडॉप्टर पॉलिश पेपरवर घासून पातळ करण्याचा मोह टाळा. एक बाजू जास्त घासली गेली की लेन्स तिरकी बसते आणि फोटोचा एक कोपरा कायमचा बिघडतो. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आत राहिली तर सेन्सरचंही नुकसान.

३. हेलिओस ४४-२ च्या फोकस रिंगवर तीन बारीक, डोकं नसलेले स्क्रू असतात. घड्याळजीच्या पेचकसने ते अर्धा वेढा सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. खाली पांढरा टॉवेल अंथरायचा, स्क्रू पडला तर सापडतो. स्क्रू सैल झाले की बाहेरची रिंग आणि आतली आट्यांची नळी वेगवेगळ्या फिरतात.

४. कॅमेरा स्टँडवर लावा. छिद्र पूर्ण उघडं, एफ/२. एफ/८ वर जुळवलंत तर चूक झाकलेलीच राहील. पडद्यावर चित्र मोठं करून बघायची सोय असते, ती वापरा.

५. जुळवायला वस्तू खरोखर लांबची घ्या. शंभर मीटरवरचा विजेचा खांब चालत नाही. मी किलोमीटरवरचं देऊळ घेतलं, तेही सकाळी सातला. दुपारी जमीन तापली की हवा थरथरते आणि काहीच कळत नाही.

६. बाहेरची रिंग अनंताच्या खुणेवर धरून ठेवायची आणि आतली नळी हळूहळू आत फिरवायची. चित्र स्पष्ट होत जातं, मग पुन्हा पुसट होऊ लागतं. थोडं पुढे जाऊन मागे यायचं, म्हणजे नेमकी जागा सापडते. मी त्या जागेच्या केसभर पुढे ठेवलं, कारण ऊन-थंडीने धातू थोडा कमीजास्त होतो.

७. तिन्ही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळायचे. पुन्हा तपासायचं. रात्री चंद्रावर किंवा एखाद्या ठळक ताऱ्यावर शेवटची परीक्षा. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, याहून चांगलं "अनंत" आपल्याला कुठे मिळणार?

उलट दोष असेल, म्हणजे अ‍ॅडॉप्टर पातळ असेल, तर लेन्स अनंताच्या पलीकडे जाते. त्याने फोटो बिघडत नाहीत, फक्त रिंगवरच्या खुणा जुळत नाहीत. बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दामच किंचित पातळ बनवलेले असतात. अगदीच खटकलं तर अ‍ॅडॉप्टरच्या दोन भागांमध्ये पातळ पत्र्याची चकती घालतात. झूम लेन्सला मात्र हात लावू नका, तिथे झूम करताना फोकस सरकायला लागतो.

"सर, झेंडा कवा लावला?"

त्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी मुलांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही फोटो दाखवले, आधीचा पुसट आणि आजचा स्पष्ट. चित्र मोठं केल्यावर देवळाच्या कळसाशेजारचा भगवा झेंडा दिसत होता.

मुलं एकेक करून बघून जात होती. एक मुलगी, नाव इथे लिहीत नाही, पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, "सर, देवळावर झेंडा कवा लावला?"

सगळी मुलं हसली. "अगं, तो कायमच असतो की!"

ती गोंधळली. खिडकीतून टेकडीकडे बघितलं, आणि बघताना डोळे बारीक केले. अगदी बारीक.

एफ/८!

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. जूनपासून ही मुलगी फळ्याकडे बघताना डोळे मिचकवायची. मी तिला दोनदा दरडावलं होतं, "तोंडं काय वेडीवाकडी करतेस?" शेजारणीच्या वहीत बघून लिहायची, म्हणून तिची जागा बदलली होती आणि तिला मागच्या रांगेत एकटी बसवली होती. फळ्यावरचं ३८ ती ८३ नाही, ३३ लिहायची, कधी ८८ लिहायची. आणि पहिल्या सत्राच्या वर्णनात्मक नोंदीत मी माझ्या हाताने लिहिलं होतं, "फळ्याकडे लक्ष देत नाही. लेखनात निष्काळजीपणा करते."

लेन्स चिंचेपुढचं बघू शकत नाही, हे मला एका दिवसात कळलं. त्यासाठी मी व्हर्नियर आणला, सूत्र मांडलं, पहाटे उठलो. माझ्यासमोर रोज साडेपाच तास बसणारी मुलगी फळ्यापर्यंत बघू शकत नाही, हे कळायला मला सहा महिने लागले. तेही अपघाताने.

निकटदृष्टिता म्हणजे नेमकं माझ्या अ‍ॅडॉप्टरचंच दुखणं. बहुतेक वेळा डोळ्याचा गोल थोडा लांबट होतो, दृष्टिपटल मागे जातं आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा त्याच्या अलीकडेच तयार होते. कॅमेऱ्यात स्क्रू सैल करता येतात. डोळ्यासाठी समोर अंतर्गोल भिंग धरावं लागतं, म्हणजेच चष्मा.

मी एक जाड पुठ्ठा घेतला, त्याला टाचणीने भोक पाडलं. तिला तिच्या जागेवरून, एक डोळा झाकून, त्या भोकातून फळा वाचायला सांगितलं. ती घडाघडा वाचू लागली. भोक म्हणजे बारीक केलेलं छिद्र. पुठ्ठ्यातून स्पष्ट दिसतं आणि उघड्या डोळ्याने नाही, याचा अर्थ बहुतेक करून चष्म्याने दुरुस्त होणारा दोष आहे. आरोग्य पथक शाळेत तपासणीला आलं त्या दिवशी ती गैरहजर होती, हे हजेरी बघितल्यावर कळलं.

आईची काळजी

संध्याकाळी तिच्या आईला शाळेत बोलावलं. सगळं सांगितलं. आई जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, पोरीला आत्तापासनंच चष्मा लावला तर पुढं कोण करून घेईल तिला?"

मला राग आला नाही. ही काळजी खरी आहे, आपल्या आजूबाजूला अजून आहे. भाषण देऊन ती जात नाही. मी कॅमेरा टेकडीकडे लावला, पडदा त्यांच्याकडे केला. "ताई, देऊळ दिसतंय ना? झेंडा?" त्या म्हणाल्या, "दिसतोय की." मग रिंग फिरवून फोकस अर्ध्या मीटरवर आणला. टेकडीचा नुसता करडा धब्बा झाला. "तुमच्या लेकीला साधारण असं दिसतं."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग लेकीकडे. "रोज असंच दिसतंय तिला?"

"रोज."

"मग सांगितलं का नाही गं कधी?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलगी म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांनाच असं दिसतं."

पुढच्या सोमवारी त्या मजुरीचा दिवस बुडवून मुलीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेल्या. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर निघाला. उणे अडीच म्हणजे १०० भागिले २.५, चाळीस सेंटीमीटरपुढचं सगळं पुसट. मी अंदाजाने अर्ध्या मीटरवर फोकस ठेवला होता, तो फार चुकला नव्हता.

चष्मा आला त्या दिवशी पहिल्या तासाला तिने फळा वाचला नाही. ती खिडकीतून टेकडीकडे बघत बसली होती. त्या दिवशी मी तिला "लक्ष कुठे आहे?" असं विचारलं नाही.

आता ती पुन्हा शेजारणीजवळ बसते. मी तिची माफी मागितली, वर्गासमोर. सत्र दोनची नोंद अजून लिहायची आहे, पण सत्र एकची ती ओळ मला खोडता येत नाही. ती तशीच राहणार.

शिक्षकांनो, वर्गात हे करून बघा

• वर्षाच्या सुरुवातीलाच ६ मीटर अंतर मोजून खडूची रेघ मारा. डोळ्यांची तपासणी याच अंतरावरून करतात, कारण निरोगी डोळ्याला ६ मीटर जवळजवळ अनंतासारखंच असतं. एकेक डोळा झाकून प्रत्येक मुलाला अक्षरतक्ता वाचायला सांगा. आपण नंबर काढू शकत नाही, पण कुणाला पाठवायचं ते ठरवू शकतो.

• डोळे बारीक करणं, मान तिरकी करणं, वही नाकाजवळ धरणं, शेजाऱ्याचं बघून लिहिणं, ३ आणि ८ मध्ये गोंधळ, वारंवार डोकं दुखणं. यातलं काही दिसलं तर आधी डोळे तपासा, स्वभावाबद्दल नंतर बोला.

• तपासणीच्या दिवशी जे गैरहजर, त्यांची वेगळी यादी ठेवा.

• गणिताच्या तासाला कागदाच्या गठ्ठ्यावरून एका कागदाची जाडी काढायला द्या. चौथीची मुलं छान काढतात. भागाकाराचा एवढा खरा उपयोग क्वचितच सापडतो.

पालकांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज खरा नाही. वाढत्या वयात डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. आणि मुलं स्वतःहून तक्रार करतील अशी वाट बघू नका. ज्याने स्पष्ट कधी पाहिलंच नाही, त्याला पुसट म्हणजे काय ते कसं कळणार? आज संध्याकाळी मुलांना अंगणात घेऊन जा, लांबची एखादी गोष्ट दाखवा आणि विचारा, "तुला काय काय दिसतंय?" उत्तर नीट ऐका.

तुमच्या वर्गात असा अनुभव आला असेल तर जरूर कळवा.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक